पशुवैद्यकांविषयीचा कायदा सुधारायचा तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की विकसनशील देशात पशुवैद्यकांचं नियमन करणारे कायदे बदलायचे तर आधी काय बदलावं, आणि आपल्याकडे पशुवैद्यकीय पदविकाधारकांना (डिप्लोमा झालेल्यांना) स्वतंत्रपणे उपचार करू द्यावेत का. मी नोंदणीकृत पशुवैद्यक आहे. पंचवीसेक वर्षं महाराष्ट्रातल्या खेड्यांत गोठ्यांतून फिरलोय, म्हणून भारतापुरतंच बोलतो.

आपला मूळ कायदा म्हणजे भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४. त्याचं कलम ३० सांगतं की नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय कुणी पशुवैद्यकीय व्यवसाय करायचा नाही. त्याला एक सवलत जोडलेली आहे: राज्य सरकारनं परवानगी दिली तर पदविका किंवा प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि सूचनेनुसार 'किरकोळ पशुवैद्यकीय सेवा' देऊ शकतो. किरकोळ म्हणजे लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी आणि राज्यानं अधिसूचनेनं ठरवलेली इतर प्राथमिक कामं.

सगळा घोळ 'देखरेखीखाली' या शब्दात आहे. देखरेख म्हणजे शेजारी उभं राहणं, फोनवर असणं, की महिन्याच्या बैठकीत सही करणं? एका पशुवैद्यकानं किती जणांवर देखरेख ठेवायची? किती किलोमीटरवरून? कायदा गप्प आहे. आपल्या राज्यात श्रेणी-२ चे दवाखाने पर्यवेक्षकाच्या भरवशावर चालत आले, आणि त्यांची संख्या श्रेणी-१ पेक्षा जास्त होती. तिथं नोंदणीकृत पशुवैद्यक बसतच नसेल तर देखरेख कोण करणार? रात्री दोनला म्हैस अडली की गावकरी जो जवळ आहे त्यालाच हाक मारतात. त्यांच्या लेखी तोही 'डॉक्टर'च.

एक प्रसंग सांगतो. ब्रुसेला म्हणजे जनावरांचा गर्भपात घडवणारा आणि माणसालाही होणारा जंतूंचा आजार. त्याच्या लसीकरणात आमच्याबरोबर एक चोविशीतला मुलगा होता. पदविका झालेली, नोकरी नाही, मानधनावर टोचणी करायचा. ही लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना देतात. कालवड धरणाऱ्याच्या हातातून दोर निसटला, तिनं मान झटकली आणि सुई मुलाच्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी घुसली. त्यानं हात पँटला पुसला आणि पुढची कालवड घेतली. मी दहा पावलांवर होतो. "धुऊन टाक रे," एवढंच म्हणालो.

तिसऱ्या आठवड्यात त्याला ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, रात्री घामानं अंथरूण भिजायचं, सकाळी उतरायचा. टायफॉइड समजून दोनदा उपचार झाले. ब्रुसेलाची एस-१९ ही जिवंत जंतूंची लस असते आणि टोचणाऱ्याच्या अंगात गेली तर त्यालाच आजार होऊ शकतो, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याचा धंदा काय हे तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं नाही. मला कळल्यावर रक्त तपासून घेतलं, मग सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन. सांधेदुखी त्यानंतरही कित्येक महिने राहिली. खर्च त्याच्या वडिलांनी केला. देखरेख माझी होती का? मी तिथं होतो, पण कागदावर माझं नाव नव्हतं. त्याचंही नव्हतं. कालवडीच्या कानात मात्र १२ अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला होता.

कायद्याच्या भाषेत हे काम 'किरकोळ'. लाळ्या-खुरकुताची लस आणि ब्रुसेलाची लस एकाच शब्दात बसवली की असं होतं.

आता दुसरी बाजू. नुकतीच व्यालेली म्हैस मान कुशीत वळवून बसली, कान गार पडले, तर तो दुग्धज्वर, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घटल्यानं होणारा आजार. शिरेतून कॅल्शियम गेलं की तासाभरात उठून उभी राहते. तेच कॅल्शियम घाईनं सोडलं तर हृदय जागच्या जागी थांबतं. हे काम पर्यवेक्षकाला द्यावं का? माझ्या व्यवसायातले बरेच जण 'मुळीच नाही' म्हणतील. पण पशुवैद्यक चाळीस किलोमीटरवर असेल तर तो येईपर्यंत म्हैस संपलेली असते. अशा वेळी मी फोनवर राहीन, पर्यवेक्षक छातीला स्टेथोस्कोप लावून थेंब-थेंब कॅल्शियम सोडील, ठोके चुकायला लागले की थांबेल, आणि हे सगळं दोघांच्या नोंदणी क्रमांकासह लिहिलं जाईल, अशी सोय कायद्यात हवी. आज हे सर्रास चालतं, पण चोरून. काही बिघडलं की दोघंही हात वर करतात आणि म्हैस गेलेला शेतकरी एकटा उरतो.

म्हणून पदविकाधारकांना सरसकट स्वतंत्र परवानगी द्यायला माझा विरोध आहे. आमच्या पदवीला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं लागतात. गर्भाशयाला बसलेला पीळ ओळखणं, भूल देऊन पोट उघडणं, प्रतिजैविक निवडणं हे त्या शिक्षणाशिवाय करू नये. पण 'बोगस डॉक्टर हटवा' एवढ्यावरच थांबणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांशीही मी सहमत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात गायी १९ कोटींच्या वर आणि म्हशी जवळपास ११ कोटी होत्या. एवढ्या जनावरांमागे फक्त पदवीधर फिरतील ही कल्पना गोठ्यात टिकत नाही.

बाहेरचं एक उदाहरण मला पटतं. केनियानं २०११ च्या कायद्यात पशुवैद्यक आणि सहायक व्यावसायिक या दोघांनाही एकाच मंडळाखाली आणलं. कायद्याच्या नावातच दोघं आहेत. नोंदणी आली की तक्रार करायला जागा मिळते, चूक झाली तर नाव काढता येतं. आपल्याकडे पशुवैद्यक परिषद माझ्यावर कारवाई करू शकते. त्या मुलाला ती ना शिक्षा करू शकते ना संरक्षण देऊ शकते. दक्षिण आफ्रिकेनं २०१६ पासून नव्या पशुवैद्यकांना एक वर्षाची सक्तीची समाजसेवा लावली. आपल्याकडेही ती चालेल, पण राहायला खोली, जनावर अडकवायचा खोडा आणि औषधांचा फ्रिज नसलेल्या दवाखान्यात पोरं पाठवून उपयोग नाही.

औषधांचा कायदा यापासून वेगळा काढू नका. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेलं जनावर मेलं आणि ते खाल्लं की गिधाडं मरतात, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद केलं. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात यायला लागल्या, आणि २०१५ मध्ये कुपी ३ मिलीवर आणावी लागली. औषधावर बंदी घातली, पण सुई धरणारा हात नोंदीबाहेरच राहिला. कासदाहात, म्हणजे कास सुजली की, कुणीही प्रतिजैविक सोडतो, आणि किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही हे सांगायची जबाबदारी कुणाचीच नसते. तेच दूध आपल्या पोरांच्या पोटात जातं.

आता तुमच्या 'कुठून' या शब्दाकडे येतो. पशुवैद्यकीय शिक्षण आणि व्यवसाय हा राज्यसूचीतला विषय. १९८४ चा कायदा संसदेनं घटनेच्या अनुच्छेद २५२ खाली, काही राज्यांच्या ठरावांवरून केला आणि बाकीच्या राज्यांनी तो नंतर स्वीकारला. असा कायदा राज्याची विधानसभा बदलू शकत नाही. दुरुस्ती संसदेतूनच आणि पुन्हा राज्यांच्या ठरावांच्या वाटेनं होते, म्हणजे वर्षं जातात. किरकोळ सेवांची अधिसूचना मात्र राज्याच्या हातात आहे. सुरुवात तिथून करा. नुसती कामांची नावं न लिहिता तीन रकाने करायला लावा: पर्यवेक्षकानं एकट्यानं करायची कामं, पशुवैद्यकाशी बोलून आणि नोंद करून करायची कामं, आणि हात लावायचा नाही अशी कामं. प्रत्येक परवानगीसमोर देखरेख करणाऱ्या पशुवैद्यकाचं नाव आणि क्रमांक. ब्रुसेलाची लस दुसऱ्या रकान्यात, हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय नाही, आणि सुई लागली तर त्याच दिवशी मानवी रुग्णालयात पाठवायचं, खर्च लसीकरणाच्या कार्यक्रमातून.

केंद्राकडे मागायचं ते नंतर: सहायकांची वैधानिक नोंदवही, परिषदेवर त्यांचा आणि पशुपालकांचा प्रतिनिधी, आणि आम्हा पशुवैद्यकांनाही दर पाच वर्षांनी नुसती नूतनीकरणाची फी भरून सुटका नको, नवीन काय शिकलो ते दाखवायला लावा. या शेवटच्या मागणीला आमच्यातूनच विरोध होईल. तरीही ती सोडू नका.

तो मुलगा आता एका डेअरीत दूध संकलनाला आहे. टोचणी त्यानं सोडली.