स्मरणिकेआधी प्रवेश रजिस्टर वाच

अनेक आशीर्वाद.

वृद्धाश्रमाचा इतिहास लिहायचं काम तुझ्याकडे आलं, हे बरं झालं. विश्वस्त आधी देणगीदारांच्या संगमरवरी पाट्यांचे फोटो पाठवतील. त्यांचे आभार मान आणि फोटो बाजूला ठेव. तुला शोधायचंय ते वेगळं: या दारातून कोणाला आत घेतलं आणि कोणाला परत पाठवलं.

कागदांसाठी वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात जा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा. नोंदणी झालेल्या न्यासाचं परिशिष्ट एक, म्हणजे नोंदवहीतला त्याचा उतारा, तिथे मिळतं. विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. संस्थेतली भांडणं त्याच फायलींत सापडतात (स्मरणिकेत कधीच नाही).

कोणीतरी सांगेल, वृद्धाश्रम हे पाश्चात्त्य खूळ. जान ज्युगान हिने १८३९ मध्ये फ्रान्समध्ये एका अंध म्हातारीला स्वतःचा बिछाना दिला, हे खरं; तिच्या ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर’ या ख्रिस्ती भगिनीसंघाचं घर आपल्या अंधेरीतही आहे. पण याच मुंबईत भटक्या जनावरांसाठी पांजरपोळ १८३४ मध्ये उभी राहिली होती. थकलेल्या जिवाला आसरा द्यावा हे आपल्याला कोणी शिकवावं लागलं नाही. माणसांची पाळी कधी आली, ते तू बघ.

सगळ्यात जास्त वेळ प्रवेश रजिस्टरला दे. गाव, धंदा, कोणी आणलं, हे रकाने वाच. गिरणी कामगार दिसला तर थांब. बायकामुलं कोकणात, आपण खानावळीत, म्हातारपणी गावी परत, अशी ती रीत. मग हा परतला का नाही? जानेवारी १९८२ च्या संपानंतरची पानं या प्रश्नासाठी पुन्हा चाळ. ‘मुलांनी टाकलं’ एवढं लिहून मोकळा होऊ नकोस. भाडेपावती कोणाच्या नावावर होती, खोली कोणी विकली, हे विचार. विधवांच्या बाबतीत तर हाच पहिला प्रश्न.

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तरतूद आहे. तिच्याशी आपल्या खाटांचा आकडा ताडून बघ.

रहिवाशांशी दुपारच्या चहानंतर बोल. दुःख विचारू नकोस, पहिली नोकरी विचार. नावं छापू नकोस. आणि मजकूर छापायला जाण्याआधी त्यांच्यातल्या दोघा-तिघांना वाचून दाखव; तारखांच्या चुका तेच काढतील.