घरी भाजीपाला पिकवणाऱ्यांसाठी अॅप बनवतोय, आधी कोणतं फीचर करू?

तुम्ही लिहिलंय की कुंडीत किंवा परसात स्वतःपुरती भाजी पिकवणाऱ्यांसाठी अॅप बनवताय आणि डोक्यात तीन फीचर आहेत, पाण्याचं रिमाइंडर, पेरणीचं कॅलेंडर आणि फोटोवरून रोग ओळखणं. मी मोबाइल अॅप बनवतो, बरीच वर्षं भाज्याही लावतो आणि अगदी याच तीन गोष्टी घेऊन एक अॅप केलंही होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं मत असं की तिन्ही थोडे दिवस बाजूला ठेवा आणि आधी नोंदवही बनवा. कुठल्या वाफ्यात काय लावलं, कधी लावलं, काय केलं, काय झालं, एवढंच. दिसायला साधं आहे पण बाकीची तिन्ही फीचर्स याच्याशिवाय नीट चालतच नाहीत.

पाण्याचं आधी सांगतो कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. मी दर दोन दिवसांनी सकाळी ७ वाजता 'पाणी द्या' असं नोटिफिकेशन ठेवलं होतं. पण झाडाला पाणी घड्याळ बघून लागत नाही ना, मोठ्या कुंडीतलं चार पानांचं रोप आणि त्याच कुंडीत दोन महिन्यांनी फळं धरलेलं टोमॅटोचं झाड यांची तहान सारखी कशी असेल, त्यात ऊन, वारा, कुंडीचा आकार, माती कसली आहे हे सगळं वेगळंच. आणि वाईट गोष्ट ही की जास्त पाण्याने मुळं सडायला लागली की झाड अगदी तहानल्यासारखंच मान टाकतं, मग माणूस घाबरून आणखी पाणी घालतो. माझ्या रिमाइंडरवर विश्वास ठेवून एका मैत्रिणीने तिची सगळी मिरचीची रोपं अशीच घालवली, मला खूप वाईट वाटलं. त्यानंतर मी वाक्यच बदललं. 'पाणी द्या' नाही, 'माती बघा'. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं आणि खाली दोन बटणं, 'कोरडी होती, दिलं' आणि 'ओली आहे, नाही दिलं'. दोन-तीन आठवडे लोकांनी ही बटणं दाबली की त्या एका कुंडीला साधारण किती दिवसांनी पाणी लागतं हे अॅपला आपोआप कळायला लागतं, आणि पुढचं रिमाइंडर त्यावर ठरवायचं. ऊन वाढलं की अंतर कमी होतं, तेही नोंदीतूनच दिसतं.

(टेक्निकल भाग: अँड्रॉइड ६ पासून फोन पडून असला की डोझ मोडमध्ये (बॅटरी वाचवण्यासाठी फोन जातो ती झोपेची अवस्था) साधे अलार्म मागे ढकलले जातात आणि अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी वेगळी मागावी लागते. ती अॅप उघडल्या उघडल्या मागू नका, लोक सरळ नाही म्हणतात. पहिलं रोप नोंदवून झालं की मग मागा, तेव्हा कशासाठी हवीय हे त्यांना समजलेलं असतं.)

कॅलेंडरमध्ये लोक महिने टाकतात, हे बी अमुक महिन्यात पेरा वगैरे. डेटाबेसमध्ये महिन्याचं नाव कृपया ठेवू नका, कारण पृथ्वीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात ऋतू उलटे आहेत आणि एकाच गावात गच्चीवरची कुंडी आणि जमिनीतला वाफा यांचं हवामान वेगळं असतं. पिकाला किती तापमान चालतं ते ठेवा. अजून एक फसवी जागा म्हणजे बियांच्या पाकिटावर लिहिलेले पीक तयार व्हायचे दिवस. टोमॅटोच्या पाकिटावर ७० दिवस लिहिलेलं असेल तर ते बहुतेक वेळा रोप जागेवर लावल्यापासूनचे असतात, पेरल्यापासूनचे नाही, आणि थेट जागेवर पेरायच्या पिकांचे मात्र पेरणीपासूनचे. मी दोन्हींसाठी एकच कॉलम केला होता, त्यामुळे टोमॅटो तयार व्हायची तारीख ६ ते ८ आठवडे आधीची दाखवायचा. म्हणजे लोकांना वाटायचं आपलंच काहीतरी चुकतंय.

त्यापेक्षा ऊब मोजणं जास्त खरं उतरतं, याला ग्रोइंग डिग्री डेज म्हणतात. दिवसाचं कमाल ३० आणि किमान १८ असेल तर सरासरी २४, त्यातून पिकाचं पायाभूत तापमान (ज्याच्या खाली वाढ जवळजवळ थांबते ते) वजा करायचं, टोमॅटोला साधारण १० धरतात, म्हणजे त्या दिवशी १४ मिळाले. असे रोजचे जमा करत जायचे. गार हवेत रोप का रेंगाळतंय याचं उत्तर इथे मिळतं. हार्डिनेस झोन टाका असं कुणीतरी नक्की सुचवेल, पण अमेरिकेच्या कृषी खात्याचे ते १ ते १३ झोन फक्त वर्षातल्या सगळ्यात थंड तापमानाच्या सरासरीवर ठरतात. बहुवर्षायू झाड थंडीत तगेल का एवढं त्यातून समजतं, एका हंगामाच्या भाजीला त्याचा फारसा उपयोग नाही.

आता फोटोवरून रोग. याचं आकर्षण मला समजतं, पण २०१६ मध्ये प्लांटव्हिलेज या पानांच्या फोटोंच्या संग्रहावर केलेला अभ्यास वाचा. १४ पिकांच्या पानांचे ५४,३०६ फोटो, आणि त्यातल्याच बाजूला ठेवलेल्या फोटोंवर रोग ओळखायला शिकवलेल्या मॉडेलची (कॉम्प्युटर प्रोग्रामची) अचूकता ९९.३५ टक्के. तेच मॉडेल वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर चालवलं तर अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास आली. कारण शिकवायचे फोटो तोडलेल्या एकेका पानाचे, साध्या पार्श्वभूमीवरचे होते आणि आपल्या वाफ्यातलं पान मातीने माखलेलं, सावलीत, दुसऱ्या पानांत अडकलेलं असतं. तंत्र तेव्हापासून सुधारलंय, पण मूळ अडचण वेगळीच आहे. टोमॅटोच्या फळाच्या बुडाला काळा खोलगट डाग पडतो तो बघून सगळे औषध शोधायला जातात, खरं तर तो रोगच नाही, पाणी कधी खूप कधी अजिबात नाही असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम नीट पोचत नाही. फोटोत हे कसं दिसणार? पण तुमच्याकडे गेल्या महिन्याच्या पाण्याच्या नोंदी असतील तर अॅप विचारू शकतं की मध्ये आठ दिवस कुंडी कोरडी होती का. पिवळ्या पानाचंही तसंच, नत्र कमी, पाणी जास्त की नुसतं जुनं पान, हे मागचं माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही.

नोंदवही करताना नोंद झाडाची नाही, जागेची धरा. वाफा क्रमांक ३ तोच राहतो, पिकं बदलतात. टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा हे सगळे एकाच कुळातले, त्याच मातीत लागोपाठ लावले की मातीतले रोग वाढत जातात, आणि दोन वर्षांपूर्वी तिथे काय होतं हे कुणालाच आठवत नाही, ते अॅपने आठवून द्यावं. नोंद तीन टॅपच्या आत झाली पाहिजे, हात मातीचे असतात, बोलून नोंद करता आली तर फारच छान. 'काल' असं बटण हवंच, कारण निम्मी माणसं रात्री किंवा दुसऱ्या दिवशी लिहितात. सगळं आधी फोनमध्येच साठवा, एसक्यूलाइट (फोनमध्येच चालणारा छोटा डेटाबेस) पुरेसं आहे, नेट मिळेल तेव्हा सिंक. आणि पहिल्या दिवसापासून सगळ्या नोंदी फाइल म्हणून बाहेर काढता येऊ द्या, चार हंगामांची मेहनत तुमच्या सर्व्हरवर अडकून राहायला नको.

कोड लिहायच्या आधी एक करा. भाज्या लावणाऱ्या आठ-दहा लोकांना गाठा आणि ते आत्ता नोंदी कशा ठेवतात ते दाखवायला सांगा. कुणाच्या कॅलेंडरवर खुणा असतील, कुणी कुंडीवरच तारीख लिहिली असेल, कुणाचे नुसते फोनमधले फोटो. मग त्यांना महिनाभर एकेक कोरा कागद वाफ्याजवळ टांगायला द्या, काहीही रकाने न आखता. महिन्याने कागद परत घ्या, त्यावर लोकांनी स्वतःहून जे लिहिलं असेल त्यावरून पहिली स्क्रीन काढा.