एमबीए आयबीच्या आधी उद्यमबाग

पोरी,

तुझा मेसेज रविवारी आला, आज गुरुवार. लगेच उत्तर दिलं नाही कारण व्हॉट्सॲपवर अंगठ्यानं टाईप करत बसलो असतो तर निम्मं राहून गेलं असतं, म्हणून म्हटलं निवांत पत्रच लिहू. तू तीन गोष्टी विचारलीस, एमबीए इंटरनॅशनल बिझनेस कुठनं करू, इकडं करू का परदेशात, आणि ओळख नसताना इंटर्नशिप कशी मिळते. मी उलटं चालतो, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण माझ्या मते तोच पहिला आहे आणि बाकीचे दोन त्याच्या मागनं येतात.

इंटर्नशिप म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर बेंगळूरची काचेची बिल्डिंग येते, गळ्यात आयडी कार्ड, आणि शेवटच्या दिवशी पीपीटी. असू दे, ती पण होईल. खरं आयबी म्हणजे शेवटी माल गं, कुठलातरी माल एका देशातनं दुसऱ्या देशात जातोय आणि त्याचे पैसे उलट्या दिशेनं येताहेत, एवढंच. आणि तो माल तुझ्या घरापासनं बसनं तासाभरात आहे. बेळगावच्या उद्यमबागेत, आपल्या इंडस्ट्रियल एरियात, फाउंड्र्या आहेत, म्हणजे लोखंड ओतायचे कारखाने, त्यांचं कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, परदेशी जातं. हत्तरगीला एसईझेडमधी, म्हणजे निर्यातीसाठीच्या खास झोनमधी, विमानाचे पार्ट बनतात. खानापूर-चंदगड पट्ट्यात काजूचे कारखाने. अथणीला चपला, ते तेवढं जरा लांब. या प्रत्येक ठिकाणी एक एक्स्पोर्टचं टेबल असतं, आणि त्या टेबलावर बहुतेक वेळा एकच माणूस असतो, एक प्रिंटर, एक जुना कॅलेंडर आणि मार्च महिन्यात डोकेदुखी. त्या माणसाला मदतनीस पाहिजेच असतो, तो जाहिरात देत नाही एवढंच.

फायनल इयरची परीक्षा झाली की दोन महिने त्या टेबलाशेजारी जाऊन बस. पगार मागू नको, बसभाडं आणि चहा मिळाला तरी पुष्कळ. आणि तिथं ‘मला एक्स्पोर्ट शिकवा’ म्हणू नको, तसं कोण शिकवत नाही. एकच शिपमेंट धर आणि ती ऑर्डर आल्यापासनं पैसे बँकेत जमा होईपर्यंत सोडू नको. प्रोफॉर्मा इन्व्हॉइस म्हणजे आधीचं कच्चं बिल, पॅकिंग लिस्ट, कस्टम्सला द्यायचं शिपिंग बिल, जहाजवाल्याची पावती म्हणजे बिल ऑफ लेडिंग, माल कुठल्या देशाचा ते सांगणारं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, शेवटी पैसे आल्याचा दाखला, ईबीआरसी. कुठला कागद कोण काढतो, कुणाची सही, कुठं अडकतो. दोन महिन्यांत एक शिपमेंट कळली ना, तरी एमबीएच्या पहिल्या सेमिस्टरला शेजारी बसलेला पोरगा पुस्तकात जे वाचतोय ते तू हातानं केलेलं असशील.

माझंच सांगतो. २००९ साली मी एका कास्टिंगवाल्यांकडं असाच बसायचो. गिऱ्हाइकाची एलसी आलेली, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, बँकेची हमी. त्यात मालाचं वर्णन होतं ‘डक्टाइल आयर्न कास्टिंग्ज’. आपल्याकडं शॉपफ्लोअरवर सगळे एसजी आयर्न म्हणतात, ड्रॉइंगवर पण तेच होतं, आणि मी इन्व्हॉइसवर ठोकून दिलं ‘एसजी आयर्न कास्टिंग्ज’. धातू तोच, भट्टी तीच, नावं दोन. बँकेनं कागद बाजूला काढले. एलसीचे नियम यूसीपी ६०० नावाच्या पुस्तिकेत असतात, २००७ पासनं लागू, त्यात साफ लिहिलंय की इन्व्हॉइसवरचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळलं पाहिजे. बँक कागद बघते, माल बघत नाही, भट्टीत काय ओतलं याच्याशी तिला काय देणंघेणं. कागद तपासायला तिला पाच बँकिंग दिवस असतात, पाचव्या दिवशी डिस्क्रिपन्सीचा, म्हणजे कागदात तफावत आहे असा, मेसेज आला. तोवर माल दर्यात. गिऱ्हाइकाला ते कळलं आणि त्यानं लगेच डिस्काउंट मागितला, मागणारच की, त्याच्या जागी मी असतो तर मी पण मागितला असता. पैसे यायला दीड महिना लागला. मालक मला काही बोलले नाहीत, फक्त त्या दिवसापासनं चहा सांगताना माझा कप सांगायचे नाहीत, आठवडाभर. ते लागलं. नंतर मी एमबीएला गेलो आणि सरांनी ट्रेड फायनान्स शिकवताना यूसीपीचं नाव घेतलं तेव्हा वर्गात माझाच एकट्याचा घाम फुटला असेल.

म्हणून सांगूलोय, डिग्रीच्या आधी असलं एखादं तरी पदरात पडू दे.

जमलं तर त्यानंतर महिनाभर न्हावाशेवाला किंवा मुरगावला एखाद्या सीएचएकडं, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटकडं, काढ. कायद्यात आता त्यांना कस्टम्स ब्रोकर म्हणतात खरं बंदरावर सगळे अजून सीएचएच म्हणतात. पनवेलच्या बाजूला पीजी बघावी लागेल, उन्हाळा बेकार असतो, आणि पोरी कमी असतात, आई नको म्हणेल. तिला माझ्याशी बोलायला सांग. तिथं तुला कळेल की आपण वर्गात पाठ केलेले इन्कोटर्म्स, म्हणजे मालाचा खर्च आणि जोखीम कुठवर कुणाची ते सांगणाऱ्या अटी, आणि खरे इन्कोटर्म्स वेगळे. २०२० च्या इन्कोटर्म्समधी अकरा टर्म्स आहेत. एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची, ही जहाजावर थेट चढवायच्या मालासाठी आहे, कंटेनरच्या मालाला एफसीए, म्हणजे वाहतूकदाराच्या ताब्यात देईपर्यंतच जोखीम, वापरा असं ज्यांनी नियम केले ते आयसीसीवाले, इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स, स्वतःच सांगतात. आणि तरी बघ, आपल्याकडनं कंटेनर भरून जाणाऱ्या मालाच्या इन्व्हॉइसवर काय असतं? एफओबी न्हावाशेवा. हे का, आणि कंटेनर यार्डात पडला असताना खराबी झाली तर कुणाच्या अंगावर, एवढं तू उद्या इंटरव्ह्यूत दोन मिनिटं बोललीस तर समोरचा खुर्चीत सरळ बसतो. मी स्वतः आता इंटरव्ह्यू घेतो म्हणून सांगतो, ‘आय ॲम पॅशनेट अबाउट ग्लोबल बिझनेस’ हे वाक्य सकाळपासनं वीस वेळा ऐकलेलं असतं.

अजून एक काम घरबसल्या कर. एक माल निवड आणि त्याचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्समधी मालाला असतो तो नंबर, काढ. पहिले सहा अंक जगभर सारखे, आपल्याकडं आठ. काजूचं घे, टरफलासकट काजूबी ०८०१३१, सोललेला गर ०८०१३२. भारत बाहेरनं, आफ्रिकेतनं, कच्ची बी मागवतो आणि गर बाहेर पाठवतो, म्हणजे या दोन कोडांच्या मधी जे काही होतं ते तुझ्या तालुक्यातल्या बायका करतात. वाणिज्य मंत्रालयाच्या साइटवर आयात-निर्यातीचे आकडे फुकट बघता येतात, ट्रेडमॅप नावाच्या साइटवर पण. पाच वर्षांचे आकडे काढ, कुठला देश वाढला कुठला कमी झाला, का, दोन पानं लिही. मग ती दोन पानं घेऊन कारखान्यात जा. नुसता सीव्ही घेऊन गेलीस तर वॉचमन ठेवून घेईल, ही पानं बघून मालक आत बोलावतो. कास्टिंगवाल्यांकडं जायचं असलं तर सीबॅम वाचून जा, युरोपचा कार्बनवरचा कर, १ जानेवारी २०२६ पासनं पक्का लागू झालाय, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम वगैरेला. आपला कोड त्या यादीत आहे का नाही आणि गिऱ्हाईक मागतो ती माहिती कुठनं आणायची, हे नीट बघायला लहान कारखान्यात माणूस नाही. तो माणूस तू हो.

चपलांचं तर आपल्या दारात घडलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मधी जीआय, म्हणजे त्या भागापुरता त्या नावावरचा कायदेशीर हक्क, मिळाला तो महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, त्यात बेळगाव आहे. नाव कोल्हापूरचं आणि अथणी-निपाणीकडं पिढ्यान्‌पिढ्या चपला शिवल्या जातात. मग जून २०२५ ला मिलानच्या शोमधी प्राडानं तशाच सँडल दाखवल्या, नाव न घेता, इकडं आरडाओरडा झाला, मग त्यांनी मान्य केलं की प्रेरणा तिथनंच. तू याच्यावर भावनिक होऊन काही लिहू नको, ते सगळ्यांनी लिहिलंय. तू एवढंच शोध की भारतातला जीआय इटलीत का चालत नाही, आणि अथणीच्या कारागिराला स्वतः परदेशी पाठवायचं असलं तर आयईसी कोडपासनं, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याला लागतो त्या नंबरापासनं, कुठले कुठले कागद लागतील. आयईसीची फी ५०० रुपये आहे. कागद काढायला ५०० आणि गिऱ्हाईक शोधायला आयुष्य, अशी गंमत आहे ती. असला एक प्रोजेक्ट सीव्हीवर असला की कॉलेजचं नाव थोडं बारीक असलं तरी चालतं.

आता डिग्री. आयबीसाठी आयआयएफटी, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन ट्रेड, पहिलं, १९६३ सालची संस्था, दिल्ली, कोलकाता, काकीनाडा. पूर्वी त्यांची वेगळी परीक्षा होती, आता कॅटवर, आयआयएमच्या प्रवेश परीक्षेवर, घेतात. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधी पण एमबीए आयबी आहे, कॅटवरच, आणि फी तुलनेनं बरीच कमी, आपल्याकडच्या पोरांना हे माहीतच नसतं. पुण्याला सिम्बायोसिसचं एसआयआयबी, त्याला स्नॅप, त्यांची स्वतःची परीक्षा. कॅट नोव्हेंबरच्या शेवटाला असते, फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरात, तेव्हा गणपतीच्या गडबडीत विसरू नको, दरवर्षी कोणतरी विसरतं.

इकडं कर्नाटकाची पीजीसीईटी देऊन बेळगावातच एमबीए करता येतं, वाईट नाही, घरनं डबा मिळतो. खरं महाराष्ट्राचं दार पण उघडं आहे तुला. महाराष्ट्रानं दावा सांगितलेली कर्नाटकातली जी ८६५ गावं, तिथल्या मराठी मातृभाषेच्या पोरांना तिकडच्या सीईटीच्या प्रवेशात टाइप ई म्हणून वेगळा गट आहे. राजकारणाचं राजकारण्यांना बघू दे, तू तुझं गाव यादीत आहे का बघ आणि दाखले आत्ताच काढून ठेव, मातृभाषेचा वेगळा, गावाचा वेगळा. ॲडमिशनच्या आठवड्यात तहसीलला गेलीस की साहेब मीटिंगला गेलेले असतात, हा अनुभव आपल्याला दोन्ही राज्यांचा आहे.

परदेश. मी नको म्हणणार नाही, खरं आधी हे बघ की तिथं शिकताना इंटर्नशिप करता येते का आणि शिकून झाल्यावर किती दिवस राहता येतं, रँकिंग नंतर. अमेरिकेत शिकून झाल्यावर ओपीटीचे, म्हणजे तिथं काम करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात, स्टेम कोर्स (विज्ञान, तंत्रज्ञान, गणित वगैरे) असला तर वर २४. साधा इंटरनॅशनल बिझनेस बहुतेक ठिकाणी स्टेममधी बसत नाही, ॲनालिटिक्सकडं झुकलेले काही कोर्स बसतात, तेव्हा कोर्सचा सीआयपी कोड, ज्यावरनं तो स्टेम आहे का ते ठरतं, विचारून घे, लाजू नको. आणि शिकतानाची इंटर्नशिप सीपीटी नावाच्या वेगळ्या परवानगीवर असते, ती फुलटाइम वर्षभर केलीस तर ओपीटी जाते, एक शब्द कोण सांगत नाही हे. ब्रिटनमधी ग्रॅज्युएट रूट, म्हणजे शिकून झाल्यावर राहायचा व्हिसा, मास्टर्सवाल्यांना दोन वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासनं जे अर्ज करतील त्यांना अठरा महिनेच. तुझं टाइमटेबल बघितलं तर तू त्या अठरा महिन्यांतच येतेस.

जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक राज्यांत बहुतेक कोर्सना ट्यूशन फी नाही, बाडेन-वुर्टेमबर्गमधी आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहे. खरं ब्लॉक्ड अकाउंटमधी, ज्यातनं दर महिन्याला ठरावीकच पैसे काढता येतात, वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात, आपले शिक्षणाचे कागद तपासल्याचं एपीएस सर्टिफिकेट लागतं, आणि शिकून झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने. तिथं शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, आणि इंटर्नशिप कोर्सचा सक्तीचा भाग असली तर ती त्या दिवसांत मोजत नाहीत. खरं तीन महिन्यांची सक्तीची इंटर्नशिप बिनपगारी पण असू शकते, किमान वेतन तिला लागत नाही, तेव्हा त्या महिन्यांचं भाडं आधीच बाजूला काढून ठेवावं लागतं. आणि इंग्लिश कोर्स असला तरी फॅक्टरीत जर्मनच बोलतात. आपल्या पोरांना मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी चार येतात, मधनंमधनं कोकणी पण, पाचवी जड जात नाही. सीव्हीवर कन्नड लिही हं, लपवू नको. बेंगळूरची कंपनी असली आणि सप्लायर हुबळीचा असला तर त्यांना कन्नड बोलणारी पाहिजेच असते, मला पहिली नोकरी खरं तर त्याच्यावरच मिळाली.

आणि ते हॉटेलातले फुकट सेमिनार, ज्यात सामोसा आणि फोल्डर देतात, तिथं जा, सामोसा खा, सही करू नको. एजंटला युनिव्हर्सिटीकडनं कमिशन असतं, म्हणून तो कमिशन देणारीच दाखवतो. जर्मनीची सरकारी युनिव्हर्सिटी त्याच्या फोल्डरमधी का नसते याचा विचार कर. माझ्या एका मित्राच्या भावानं असल्याच फोल्डरमधनं निवडली आणि घर गहाण पडलं, पोरगा तिथं गोदामात पार्सलं चिकटवतोय, काम वाईट नाही, खरं त्याच्यासाठी घर गहाण टाकायची गरज नव्हती.

कर्जाचं थोडक्यात, साडेसात लाखांपर्यंत बिनतारणी एज्युकेशन लोन बँका देतात, त्याच्या वर गेलीस की बहुतेक वेळा जमीन किंवा घर मागतात. बाबांची जमीन किती आणि कुणाकुणाच्या नावावर आहे ते तुला माहीत आहे, मी काय सांगू. म्हणून माझा हिशोब असा की आधी इकडं दोन वर्षं नोकरी, मग परदेश, तेव्हा थोडे पैसे तुझे असतात आणि तिथल्या प्रोफेसरला सांगायला गोष्ट पण असते. पटलं नाही तर तसं लिही, भांडू आपण.

उद्यमबागेत एकांच्या एक्स्पोर्टच्या टेबलावर माझा जुना माणूस आहे, त्याला मी बोललोय. सोमवारी जा. सकाळी अकराला जा, त्याच्या आधी तो बँकेत असतो आणि दीडला जेवायला उठला की चारशिवाय परत येत नाही. काजूची ती दोन पानं घेऊन जा, प्रिंट काढून, मोबाईलवर दाखवू नको, त्याला चष्मा आहे. आणि पहिल्या दिवशी त्यानं फायली लावायला दिल्या तर तोंड पाडू नको, त्याच फायलीत २००९ ची माझी ती इन्व्हॉइस असेल अजून, बघ सापडते का.

तुझा काका