बादशहाला पोपटाच्या गोष्टी चितारून कशाला हव्या होत्या?

तुमचा प्रश्न असा, की लढाया, शिकारी, दरबार सोडून मुघल चित्रकार पोपट-माकडांच्या गोष्टी का रंगवत बसले? मी माझ्या सगळ्यांत आवडत्या पोथीवरून सांगतो: अकबराचा ‘तुतीनामा’, म्हणजे पोपटाची पोथी.

गोष्ट मूळची आपल्याकडचीच. संस्कृतात ‘शुकसप्तती’, मराठीत ‘शुकबहात्तरी’. नवरा परगावी गेलेला, बायको रात्री प्रियकराकडे निघालेली, आणि पिंजऱ्यातला पोपट रोज नवी गोष्ट सांगून तिला घरात थोपवतो. झियाउद्दीन नख्शबी या लेखकाने १३३० च्या सुमारास हे सगळं फारसीत ५२ रात्रींत बसवलं. शेवट मात्र त्याने फार क्रूर केला. संस्कृतातला नवरा बायकोला क्षमा करतो. नख्शबीच्या गोष्टीतला नवरा मैमून परत येऊन बायको खुजस्ताला ठार मारतो. मला तो शेवट अजून सोसत नाही.

ही पोथी चितारली गेली १५६० नंतरच्या काही वर्षांत. अकबर तेव्हा जेमतेम विशीचा. तो स्वतः वाचत नसे, पुस्तकं त्याला वाचून दाखवत. गोष्ट कानावर पडत असताना डोळ्यांसमोर चित्र हवं, हे मला अगदी स्वाभाविक वाटतं. या एका पोथीत दोनशेहून जास्त चित्रं आहेत!

पण खरी गंमत चित्रकारांच्या बाजूने आहे. ‘शाहनामा’ या इराणी महाकाव्यातला वीर रुस्तम कसा काढायचा हे इराणी उस्तादांनी पिढ्यान्‌पिढ्या ठरवून ठेवलेलं होतं. पण तुतीनाम्यातल्या एका गोष्टीत सुताराने घडवलेली लाकडाची बाई आहे; ती कशी दिसते, हे कुणी ठरवलं होतं? सुतार तिला घडवतो, सोनार दागिने घालतो, शिंपी कपडे शिवतो, साधू प्रार्थनेने जीव ओततो, आणि मग ती कोणाची यावरून भांडण. शेवटी झाडाचं खोड दुभंगतं आणि बाई परत त्यात शिरते. हा क्षण कागदावर कसा उतरवायचा, ते चित्रकाराला स्वतःच शोधावं लागलं. म्हणून तर त्याच पोथीत एका पानावर सपाट लाल पार्श्वभूमी आणि मोठ्या डोळ्यांच्या, एका बाजूने दिसणाऱ्या बायका सापडतात, तर दुसऱ्या पानावर इराणी वळणाचे खडक. वेगवेगळ्या गावचे, वेगवेगळ्या हातांचे लोक एका कारखान्यात बसून एकमेकांकडून शिकत होते. मुघल शैली घडताना बघायची असेल, तर ती इथे दिसते.

त्यांतला एक दसवंत. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फझल लिहितो, की तो पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा, भिंतींवर चित्रं काढत हिंडायचा. अकबराची नजर त्याच्यावर गेली आणि त्याने त्याला इराणी उस्ताद ख्वाजा अब्दुस्समदच्या हाती सोपवलं. १५८४ मध्ये दसवंतने स्वतःचा जीव घेतला. तुतीनाम्याच्या पानांवर त्याचं आणि बसावन या दुसऱ्या चित्रकाराचं नाव आढळतं. ती नावं दिसली की मी तिथेच थांबतो.

पंचतंत्राची फारसी लेक ‘अनवार-ए-सुहैली’. तिची अकबरकालीन पानं मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. तुतीनामा अमेरिकेत, क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयात आहे. त्यांच्या संकेतस्थळावर पानं मोफत, हवी तेवढी मोठी करून बघता येतात. मेल्याचं सोंग घेतलेल्या पोपटाच्या पिल्लांना पारधी फेकून देतो आणि त्यांच्या आईला मात्र पकडतो, ते पान आधी उघडा.