‘मी केक मागितला, माझं चुकलं का?’

मार्च लागला की माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या तोंडी एकच प्रश्न असतो. कापूस विकून झालेला असतो, तूर घरात आलेली असते, एप्रिल-मेची लग्नाची तारीख धरलेली असते आणि घरात कुणीच कुणाशी धड बोलत नसतं. हौस केली तर बाप कर्जात जातो, नाही केली तर मन खात राहतं. मग करायचं काय? यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी समुपदेशनाचं काम करते. तिथे आलेल्या एका मुलीची ही गोष्ट, तिला विचारून आणि ओळखीच्या खुणा बदलून सांगते आहे.

तिला तिची आई घेऊन आली. पोरगी तीन दिवस नीट जेवली नव्हती. लग्न २४ दिवसांवर आलेलं. आईला बाहेर बसवल्यावर ती रडतच बोलायला लागली, “मॅडम, म्या निस्ता केक म्हटला होता अन् स्टेजले फुलं. मले काय मालूम बाबा पैसे उचलून रायले म्हणून?”

झालं होतं असं. तालुक्याच्या डेकोरेशनवाल्याने मोबाइलवर फोटो दाखवले. जरबेरा-गुलाबाची भिंत, पाच मजली केक, नवरीच्या वाटेवर पाकळ्या. सगळं मिळून ५५,००० रुपये. बाबा फोटो पाहून “बरं” म्हणाले. घरचं शेत पाच एकर. पीककर्ज फेडायला बाजूला ठेवलेल्या कापसाच्या पैशातून त्यांनी १०,००० रुपये बयाणा दिला आणि उरलेल्यासाठी गावातल्या एका सावकाराशी बोलून ठेवलं. हे आईला माहीत होतं. मुलीला कळलं ते काका भांडताना. काका तिला म्हणाले, “गाडगेबाबा सांगून गेले, कर्ज काढून लगन करू नका, अन् तुले केक पायजे?”

त्या वाक्याचा मला राग आला, आजही येतो. गाडगेबाबांनी गावोगावी कीर्तनातून हे सांगितलं, खरं आहे. पण ते कर्ज काढणाऱ्याला होतं. ज्या मुलीला कर्जाची गोष्टच कुणी सांगितली नाही, तिच्या पाठीवर ते का मारायचं?

पहिल्या भेटीत मी मात्र घाई केली. खर्च कमी कसा करायचा ते सांगत बसले. ती मान हलवत राहिली, घरी गेली आणि आईला म्हणाली, “मले काईच नको. फुलंही नको, केकही नको.” आईचा मला फोन आला तेव्हा लक्षात आलं की तिने आपली हौसच कापून टाकली होती. असं घर वरून शांत दिसतं, पण ती मुलगी सासरी जाताना मनात काय घेऊन जाते, याची मला भीती वाटते.

दुसऱ्या वेळी तिघांना एकत्र बोलावलं. बाबा दाराशी चप्पल काढून कडेच्या खुर्चीवर बसले. मी कोरा कागद पुढे केला आणि म्हटलं, “भाऊ, कर्ज न काढता, कापसाच्या पैशाला हात न लावता, फुलं आणि केक यासाठी किती देता येतात? आकडा तुम्हीच लिहा.” बराच वेळ ते पेन धरून बसले. “एकच पोरगी हाये मॅडम, तिले नाई कसं म्हणू?” मग त्यांनी १८,००० लिहिले आणि कागद उलटा करून ठेवला.

मुलीने तो सुलटा केला, वाचला. “एवढंच सांगायचं होतं नं बाबा,” ती म्हणाली.

माझ्या अनुभवात घरोघरी अडतं ते इथेच. आकडा छोटा असण्याचं दुःख फार नसतं. तो लपवला जातो, आणि मग मुलगी अंधारात मागत राहते, बाप अंधारात हो म्हणत राहतो.

मग मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. त्या दिवशी कोणती एक गोष्ट नसली तर तुम्हाला खरंच वाईट वाटेल? बाबा म्हणाले, पंगतीतून कुणी उपाशी उठू नये. आई म्हणाली, मांडवातल्या प्रत्येक बाईच्या केसात मोगऱ्याचा गजरा. तिच्या लग्नात गजरे फक्त वरमाईच्या बाजूला वाटले होते, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्यासमोर सांगितलं.

मुलगी म्हणाली, केक. आणि थांबली. मग हळूच, “माहा वाढदिवस जूनमध्ये येते.”

विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरात जून म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. मृग तोंडावर, बियाणं घ्यायचं, खत घ्यायचं, घरात होता नव्हता तो पैसा दुकानात गेलेला. शाळेतल्या मैत्रिणींचे केक तिने खाल्ले होते, स्वतःचा एकदाही कापला नव्हता. बाबा खाली पाहत होते. “तू बोलली काऊन नाई?” “तुमी बियाण्याचे पैसे मोजत रायचे. तवा काय मागू?”

मी त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं काही बोलले नाही. गरजही नव्हती.

नंतरचं काम सोपं होतं, तरी सांगते, कारण मुली मला तेही विचारतात. पाच मजली केकची गरजच नव्हती. पाव्हणे सहाशे, एकेकाला १०० ग्रॅम म्हटलं तरी ६० किलो लागेल. म्हणून तो कापण्यापुरता, घरच्या वीसेक माणसांना पुरेल असा दोन किलोचा, बिनअंड्याचा, १,४०० रुपयांचा ठरला. पाव्हण्यांना बुंदी होतीच. एप्रिलअखेर आमच्याकडे पारा ४२ च्या वर जातो, मांडवात क्रीम तासभरही उभं राहत नाही. शेजारच्या फ्रिजचा कप्पा काढून खोका बसतो का, हे आईने आधीच मोजून पाहिलं. गाडीत तो मांडीवर न घेता खाली सपाट जागेवर ठेवायचा आणि वरमाला झाली की लगेच कापायचा, असं ठरलं.

फुलांच्या भिंतीऐवजी डेकोरेशनवाल्याकडून फक्त चौकट, कापड आणि सोफा घेतला, ७,००० रुपयांत. दिलेला बयाणा त्यातच वळता करून घ्यायचा आणि उरलेले ३,००० परत मागायचे. तो कुरकुरला, पण तयार झाला. मांडवावर जांभळीचे डहाळे, दारात आंब्याचं तोरण, दोन केळीचे खांब. हे गावातच मिळालं. झेंडू उन्हाळ्यात लहान आणि महाग असतो, तरी ३० किलो नागपूरहून आणला. किलोभर फुलांची घट्ट ओवलेली माळ साधारण दहा फूट भरते, म्हणजे २० फुटी स्टेज आणि प्रवेशद्वार दोन्ही झालं. जरबेरा थोडाच, फक्त सोफ्याच्या दोन बाजूंना, पाण्याच्या बाटल्यांत खोचून. मोगऱ्याचा तो हंगामच; चार किलो कळ्यांचे गजरे झाले. फुलं ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवली आणि आदल्या रात्री हळद उतरल्यावर गल्लीतल्या बाया माळा करायला बसल्या. गाडीभाडं, वरमाला धरून सगळं १५,२०० रुपयांत बसलं.

पीककर्जाची गोष्ट मी बाबांना वेगळी सांगितली, कारण तिथे खरा धोका होता. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज लागत नाही. मुदत चुकली की ती सवलत गेली, वर सावकार आहेच. स्टेज एका संध्याकाळचं असतं. त्यांना हे ठाऊक होतं, त्यांना फक्त कुणाशी तरी ते मोठ्याने बोलायचं होतं.

माझा सल्ला कुणी विचारला तर मी ‘हौस करू नका’ असं कधी सांगत नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत, आणि ते बहुधा मुलींनाच सांगितलं जातं. मी म्हणते, डेकोरेशनवाल्याचे फोटो पाहण्याआधी घरातला आकडा पाहा, आणि तो मुलीच्या समोर लिहा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिचे बाबा बियाणं घ्यायला तालुक्याला आले होते. सोयाबीनची पिशवी दारात टेकवून आत आले. कर्ज भरल्याचं सांगितलं. मग खिशातून एका बेकरीचा कागद काढला.

“पोरीचा वाढदिवस हाये येत्या रविवारी. सासरी एक किलोचा नेऊन देतो म्हणतो. आता पाऊस लागला, क्रीम टिकंन नं मॅडम?”