दुपारचे पाच तास

तुझं चार पानी पत्र मिळालं. वाचकांना कळावं म्हणून त्यातलं थोडक्यात आधी सांगते.

तू सांगलीची. चार वर्षांपूर्वी लग्न होऊन ग्वाल्हेरला आलीस, लष्कर भागातल्या जुन्या दगडी घरात. मुलगा वीस महिन्यांचा. नवरा मालनपूरच्या कारखान्यात, शिफ्ट ड्यूटीवर. एसी एकच, तुमच्या वरच्या खोलीत. तो लावला की सासूबाई म्हणतात, आम्ही तीन मुलं याच घरात वाढवली, एसीशिवाय. पोराला खाली आणलं की म्हणतात, थंडाव्यातून एकदम गरमीत आणू नकोस, सर्द-गरम होईल. बाहेरून आल्यावर अंगावर पाजायला घेतलंस की म्हणतात, तापलेलं दूध बाधतं. गेल्या मंगळवारी दुपारी दोनला लाइट गेली. नुकतं झोपलेलं पोर उठलं, रडायचं थांबेना, आणि तू त्याच्या पाठीत धपाटा घातलास. चार बोटं उठली. सासूबाईंनी ती बघितली आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलणं टाकलं. नवरा म्हणतो, महिनाभर माहेरी जा. तू विचारतेस, जाऊ का? आणि, मी वाईट आई आहे का?

धपाट्याचं तू पत्रात सगळ्यात शेवटी, घाईत लिहिलंयस. मला वाटतं, पत्र त्याच्यासाठीच लिहिलंयस, म्हणून त्याच्याबद्दल आधी बोलते. मारणं चूक होतं. तुला ते कळतंय, म्हणूनच तुझी झोप उडाली आहे. पण तू वाईट आई नाहीस गं. रात्रीतून तीनदा उठलेली, दुपारचं जेवण गार करून खाल्लेली, ४५ अंशांत पंखाही बंद पडलेल्या खोलीत एकटी बसलेली बाई आहेस. पुन्हा हात उठतोय असं वाटलं तर पोराला जमिनीवरच्या गादीवर ठेव, आजूबाजूला लागण्यासारखं काही नाही बघ, आणि दाराबाहेर ये. दोन मिनिटं. एक भांडं पाणी पी. तो रडेल, रडू दे. दोन मिनिटं रडल्यानं मुलाला काही होत नाही. आणि मंगळवारचं त्याला अजून सांगितलं नसशील तर जवळ घेऊन सांग, आई चुकली. शब्द नाही कळले तरी आवाज कळतो त्याला.

आता तुझ्या पत्रात मला जे दिसलं ते सांगते. तू लिहिलंयस, बारा वाजता खालची कामं उरकून मी वर जाते आणि पाचला खाली येते. म्हणजे रोजचे पाच तास, अख्खं घर झोपलेलं असताना, तू एका खोलीत एका वीस महिन्यांच्या मुलाबरोबर बंद असतेस. तो तासभर झोपतो. उरलेले चार तास तो भिंतीवर चढतो, स्विचमध्ये बोट घालायला बघतो, चप्पल तोंडात घालतो आणि "भूर" म्हणून दाराशी उभा राहतो. तुझं भांडण एसीवरून पेटलं असेल, पण दुखणं या पाच तासांचं आहे. ते पाच तास कुणीतरी वाटून घेतल्याशिवाय सासूबाईंशी कितीही गोड बोललीस तरी पुढच्या मंगळवारी हेच होईल.

म्हणून पहिली मागणी मोठ्या आवाजात आणि अगदी छोटी कर. दुपारी दोन ते साडेतीन पोर आजी-आजोबांकडे. खालच्या खोलीत, कूलरपुढे. त्या वेळात तू झोपायचंस. कपड्यांच्या घड्या घालायच्या नाहीत, फोन बघायचा नाही. सासूबाईंना हे सांगताना "मला थोडी मदत करा" म्हणू नकोस. त्या म्हणतील, करतोच की. "आई, दोन ते साडेतीन याला तुम्ही सांभाळा, मला झोप हवी आहे" असं सांग. ज्या बाईनं तीन मुलं वाढवली आहेत, तिच्या हाती मूल सोपवणं हा तिचा मान आहे. त्यांच्या अबोल्यात मला हेच जास्त दिसतं, की नातू वरच्या मजल्यावर दार लावून वाढतोय आणि आपण खाली नुसते आवाज ऐकतोय.

एसीचं म्हणशील तर तुम्ही दोघीही अर्ध्या-अर्ध्या बरोबर आहात. लहान मुलाचं अंग आपल्यापेक्षा लवकर तापतं. वजनाच्या मानानं त्याची कातडी जास्त असते, बाहेरची आच तेवढी जास्त आत येते, आणि घाम येऊन गार होण्याची व्यवस्था अजून कच्ची असते. तेव्हा मे महिन्यात ग्वाल्हेरात पोराला थंड जागा मिळणं ही चैन नाही. पण तू एसी २० वर ठेवतेस आणि तिथून त्याला थेट तापलेल्या जिन्यात आणतेस, ते त्याला सोसत नाही हे सासूबाईंचं म्हणणंही खोटं नाही. २६ वर ठेव, वर पंखा लाव, झोत अंगावर नको. खाली आणायच्या आधी पंधरा मिनिटं बंद कर. त्यांचं "आमच्या वेळी" हेही समजून घे. त्या वेळी आजूबाजूची घरं बुटकी होती, अंगण मोकळं होतं, रात्री सगळे छतावर झोपत. आता दगडी भिंती दिवसभर ऊन पितात आणि शेजारच्या तीन मजल्यांमुळे रात्रभर ते बाहेर टाकता येत नाही. घर तेच, हवा बदलली.

दुधाचं मात्र मी तुझ्या बाजूनं ठाम सांगते. आईच्या अंगात दूध तापत नाही आणि बाधतही नाही. उन्हातून आल्यावर हात-तोंड धू, दोन मिनिटं टेक, स्वतः पाणी पी आणि खुशाल पाज. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही पाजायला सांगते. उन्हाळ्यात जेवण टाकणाऱ्या मुलाला तर तो मोठा आधार असतो.

जेवणाची तू फार काळजी केली आहेस. उन्हाळ्यात भूक मरते, मोठ्यांचीसुद्धा. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर पोटभर द्यायचं बघ. मध्ये दहीभात, मुगाची पातळ खिचडी, ताजं ताक, बिया काढलेलं कलिंगड. पन्हं कमी गुळाचं, चार चमचे. फालसे, ती इकडची छोटी आंबटगोड फळं, देऊ नकोस, बी घशात अडकते. द्राक्षं द्यायची तर उभी चिरून. भरवण्यापेक्षा पाण्याकडे लक्ष दे. दर अर्ध्या-पाऊण तासानं दोन घोट, माठातलं, त्याच्याच छोट्या पेल्यातून. पाणी पुरतंय की नाही हे लघवी सांगते. ती फिकट आणि दर तीन-चार तासांनी होत असेल तर निश्चिंत राहा.

आणि सासूबाईंना जे येतं ते त्यांच्याकडून घे. खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या कशा भिजवायच्या, संध्याकाळी छतावर पाणी कधी मारायचं, सकाळी सातला खिडक्या लावून पडदे ओढायचे आणि सूर्य गेला की सगळं उघडायचं, हे मला माझ्या सासूनं शिकवलं. त्या पोराच्या खिशात कांदा ठेवतात म्हणून तू चिडली आहेस. ठेवू दे गं. कांद्यानं लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, अडत नाही, पण नुकसानही नाही. फक्त कांदा आहे म्हणून कुणी त्याला बारा वाजता बाड्यावर, बाजारात, नेणार असेल तर तिथे नाही म्हण.

एक माझी गोष्ट सांगते. माझी लेक दीड वर्षाची असताना दुपारी अडीच वाजता मी तिला धुवायला नळाखाली धरलं. आमची टाकी छतावर, काळी, सकाळपासून उन्हात. तिनं जी किंकाळी फोडली ती अजून कानात आहे. मांडी लालभडक झाली होती. मी कितीतरी वेळ गार पाणी ओतत होते आणि रडत होते. तेव्हापासून आमच्या घरात सकाळी सहालाच बादली भरून ठेवायची आणि दुपारी त्याच पाण्यानं पोराला धुवायचं, हा नियम झाला. बादली भरलेली असली की मोरीचं दार बाहेरून बंद. एवढं मूल वीतभर पाण्यातही बुडतं.

कूलरचंही तसंच. पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पोर, हे तिन्ही एकत्र आले की मला धडकी भरते. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घे, पाणी भरताना प्लग काढायचाच, आणि पोर जाळीपर्यंत पोचणार नाही असं काहीतरी मध्ये लाव. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी कर, त्या पाण्यातच डेंग्यूचे डास होतात. कूलर लावल्यावर समोरचं दार किंवा खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली नुसती दमट होते. लू कोरडी असते तोवर कूलर छान चालतो. जूनअखेर पुरवाई, म्हणजे पूर्वेचा दमट वारा, सुटली की त्याचा उपयोग संपतो, तेव्हा एसीवरून वाद नको असं आत्ताच ठरवून ठेवा.

घामोळ्यांवर सासूबाई पावडर थापतात, ती बंद कर. पावडरीचा धुरळा मुलाच्या छातीत जातो. दिवसातून दोनदा साध्या पाण्यानं अंघोळ आणि मलमलचं सैल झबलं पुरे.

एका बाबतीत मात्र घरात कुणाचंच मत विचारायचं नाही. सहा-आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेलेत, उलट्या थांबत नाहीत, किंवा पोर गळून पडलंय आणि हाकेला ओ देत नाही, अंग तव्यासारखं तापलंय, तर तडक दवाखाना. १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत कपडे काढ, सावलीत घे, अंगावर साधं पाणी घालत राहा आणि वारा घाल. तापाच्या औषधानं लूचा ताप उतरत नाही, त्यात वेळ घालवू नकोस. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नाही. ओआरएसची मोठी पुडी घरात ठेव, एक पुडी बरोबर एक लिटर पाण्यात, चोवीस तासांनी उरलेलं ओतून दे. दुकानातली रंगीत गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

आता नवऱ्याबद्दल. "माहेरी जा" म्हणताना त्याला तुझी काळजी आहे, पण तो घरातली अडचण सोडवत नाहीये, फक्त पाहुणी म्हणून तुला उचलून दुसरीकडे ठेवतोय. ग्वाल्हेरचा उन्हाळ्यातला दिवस पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी साडेसहानंतर असतो. या दोन वेळा त्याच्या वाट्याला दे. रात्रपाळी नसेल त्या दिवशी त्यानं पोराला साडेपाचला उचलून फूलबागेत न्यावं, संध्याकाळी बैजातालावर. बापाच्या खांद्यावरून पाणी बघितलेलं पोर रात्री बरं झोपतं. आणि धपाटा बघून अबोला धरलेल्या आईशी पहिला शब्द त्यानं बोलावा. तुम्हा दोघींमध्ये त्यानं निरोप्या होऊ नये, मुलगा म्हणून शेजारी बसावं.

स्वतःकडेही बघ. पोर झोपल्यावरही तुला झोप येत नाही, कारण नसताना रडू येतं, असं दोन आठवडे चाललं तर डॉक्टरांना दाखव. १४४१६ हा टेलिमानसचा, मनाच्या त्रासावर बोलण्यासाठीचा सरकारी फोन आहे, फुकट आणि अहोरात्र. तिथे बोलायला लाजू नकोस.

माहेरी जायचं? जा. सांगलीला जूनमध्ये पाऊस येतो, इथे तोवर उकाड्यानं जीव जातो. पण या आठवड्यात, रुसवा मनात ठेवून, नवतपा सुरू असताना जाऊ नकोस. २५ मेच्या सुमारास सुरू होणारे ते नऊ दिवस प्रवासाचे नाहीत. आधी दुपारचे दोन ते साडेतीन ठरव, दहा दिवस ते पाळून बघ. मग गोवा एक्स्प्रेसनं मिरजेला जा, एसी डब्यात, पोराचं पाणी आणि ओआरएस हाताशी ठेवून. तीन आठवडे पुरेत. जायचं आणि यायचं, दोन्ही तिकिटं एकदमच काढ. आणि यायची तारीख सासूबाईंना तू स्वतः सांग, सकाळी त्या तुळशीला पाणी घालत असतील तेव्हा, पोराला कडेवर घेऊन.