कौलारू खोली, मचूळ पाणी आणि परताव्याचा प्रश्न

प्रश्न : मे महिन्यात आम्ही गुहागरजवळ एका जुन्या घरात, जे आता हॉटेल म्हणून चालवले जाते, सहकुटुंब उतरलो होतो. जांभ्याच्या भिंती, पडवीतला झोपाळा, माडांपलीकडचा समुद्र, सारे जाहिरातीत होते तसेच देखणे होते. मात्र वातानुकूलित म्हणून जादा भाड्याने घेतलेली खोली रात्रभर थंड झालीच नाही, वीज गेल्यावर जाहिरातीतला जनरेटर आढळला नाही, उशाशी भिंतीचे पोपडे गळत होते आणि न्हाणीत साबणाला फेस येत नव्हता. ‘कोकणात एवढं चालायचंच,’ असे मालक म्हणाले. पैसे परत मागता येतील का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मागता येतील, पण सगळ्याच गैरसोयींचे नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उन्हाळ्यात पंपाने उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर मचूळ होते. साबणाला फेस न येण्याचे कारण बहुधा हेच असावे, आणि त्याबद्दल मालकाला फारसे धारेवर धरता येणार नाही. (प्यायलाही तेच पाणी दिले असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.) पोपड्यांचे तसे नाही. जांभा सच्छिद्र असल्याने ओल धरतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती सुकून जाते, परंतु वरून सिमेंट आणि ऑइलपेंट चढवला की आत कोंडते आणि क्षारांसह थर सुटू लागतो. हा दोष हवेपेक्षा डागडुजीचा अधिक, तरी तेवढ्यावर परतावा मिळणे कठीण आहे.

तुमची बाजू खरी भक्कम आहे ती वातानुकूलनाच्या आणि जनरेटरच्या बाबतीत. कौलांच्या फटींतून हवा सतत खेळत असते, म्हणून तर ही घरे पंख्याविनाही सुसह्य असत; त्याच कौलांखाली छत न घालता यंत्र बसवले, तर गारवा वरच्या वर निघून जातो. तुमच्या खोलीला छत नसेल, तर यंत्र घरघरत राहिले यात नवल नाही, आणि त्याचा दोष कोकणावर ढकलणे हा निव्वळ कांगावा आहे. सांगून, पैसे घेऊन न दिलेली सोय ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतील उणीव ठरू शकते.

प्रथम जाहिरातीची प्रत, पावती, खोलीची छायाचित्रे आणि मालकाशी झालेला संदेशव्यवहार जोडून लेखी मागणी पाठवा. संपूर्ण भाडे मागू नका, कारण मुक्काम तुम्ही पूर्ण केला आहे; वातानुकूलित आणि साध्या खोलीच्या भाड्यातील फरक, तसेच जनरेटरअभावी झालेल्या त्रासाची माफक भरपाई, एवढेच मागावे. उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यानेही भागले नाही तर पुण्यातील जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येईल, कारण तक्रारदार जेथे राहतो तेथे दाद मागण्याची मुभा याच कायद्याने दिली आहे. त्यासाठी मुदत दोन वर्षांची असून, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. मालकाने भाड्यातील फरक मुकाट्याने परत केला, तर मात्र तेथेच थांबावे, असे आमचे मत आहे.